आठ डावांचे वजन

१६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०.

जानेवारी ते ऑगस्ट १९९३ या काळात कांजूरमार्गच्या एका डावखुऱ्या तरुणाने कसोटी क्रिकेटमध्ये खेळलेले हे पहिले आठ डाव. बेरीज ७९३, सरासरी ११३.२९. त्या वेळी त्याचे वय होते २१ वर्षे. नोव्हेंबर १९९५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय होते २३. विनोद कांबळीचे नाव निघाले की लगेच हळहळ सुरू होते, आणि त्या हळहळीत हे आकडे नीट पाहायचे राहून जाते. नवख्या खेळाडूचे पहिले यश कसे जोखावे हा प्रश्न मुंबईच्या क्रिकेटवेड्यांपुढे इतक्या ठळकपणे क्वचितच उभा राहिला असेल. त्यांनी तो दोनदा सोडवला. त्यांची दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत.

आधी गाव पाहू. मुंबईच्या मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मध्ये कांजूरमार्ग हे स्थानक आहे. एका अंगाला पवईच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला ठाण्याच्या खाडीकडे उतरत जाणारी मिठागरे, आणि मधल्या पट्ट्यात कारखाने : विक्रोळीचे गोदरेज, कांजूरमार्गची क्रॉम्प्टन, भांडुपची जीकेडब्ल्यू. सकाळच्या पाळीचा भोंगा आणि खच्चून भरलेली लोकल यांवर येथील कुटुंबांचे घड्याळ चाले. मुंबईचे क्रिकेट मात्र येथे नव्हते. ते होते दादरला शिवाजी पार्कवर, माटुंग्याच्या मैदानांवर, आझाद मैदानावर आणि चर्चगेटजवळच्या क्लबांत. कांजूरमार्गच्या मुलाला क्रिकेट खेळायचे म्हणजे खांद्यावर किटबॅग टाकून विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा अशी स्थानके मोजत दादर गाठायचे. गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेच्या डब्यात किटबॅगेसह शिरणे हीच एक कसोटी होती, हे त्या मार्गावरच्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

दादरला रमाकांत आचरेकर सर होते आणि शारदाश्रम विद्यामंदिर होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. पुढे झेवियर्सचा डाव कोसळला तेव्हा त्यांतले सहा बळीही कांबळीनेच ३७ धावांत घेतले. कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधली ही त्या वेळची सर्वांत मोठी भागीदारी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा करून ती मागे टाकली. त्या दिवशी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज होता अमोल मुझुमदार. त्याने पुढे १९९४ मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताची टोपी त्याला एकदाही मिळाली नाही. पहिल्या यशाचे वजन किती धरावे, या प्रश्नाचे एक कोरडे उत्तर त्याच मैदानाच्या कडेला बसले होते.

भागीदारीतल्या दोघांच्या वाटा मात्र लगेच वेगळ्या झाल्या. तेंडुलकर नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीला कसोटी खेळला. त्याच मोसमात कांबळीने रणजी करंडकात पाऊल टाकले आणि तिथला पहिलाच चेंडू षटकारासाठी सीमेपार धाडला. भारताच्या एकदिवसीय संघात तो ऑक्टोबर १९९१ मध्ये शारजात आला. कसोटीसाठी त्याला त्याच्या सोबत्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. १८ जानेवारी १९९३ रोजी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याने जयपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद १०० धावा केल्या. भारत तो सामना हरला, परंतु अकरा दिवसांनी ईडन गार्डन्सवर सुरू झालेल्या कसोटीत कांबळी संघात होता.

त्या महिन्यांत मुंबईत जे घडत होते ते या कथेबाहेर ठेवता येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत शहरात सुमारे ९०० माणसे मेली होती. उपनगरेही त्यातून सुटली नव्हती; जोगेश्वरीचे नाव त्या हिवाळ्यात देशभर पोहोचले ते जळालेल्या खोलीमुळे. लोकल पुन्हा भरून धावू लागल्या होत्या, पण डब्यातला नेहमीचा गलका परतला नव्हता. अशा शहरात १९ फेब्रुवारीला वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची तिसरी कसोटी सुरू झाली. इंग्लंडच्या ३४७ धावांना उत्तर देताना भारताने ५९१ धावा केल्या. त्यांत कांबळीच्या २२४ होत्या. भारत एक डाव आणि १५ धावांनी जिंकला आणि मालिका ३-० अशी खिशात गेली. कसोटीत द्विशतक करणारा इतका लहान वयाचा भारतीय त्याआधी झाला नव्हता.

तीन आठवडे गेले. १२ मार्चला दुपारी शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, दादरचे प्लाझा चित्रपटगृह. २५७ माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर झिंबाब्वेविरुद्ध कसोटी सुरू झाली आणि तीत कांजूरमार्गच्या मुलाने २२७ धावा केल्या. लागोपाठच्या दोन कसोटी डावांत द्विशतके करणारे फलंदाज तोवर जगात दोनच होते, वॉली हॅमंड आणि डॉन ब्रॅडमन. तिसरा आता मध्य रेल्वेवरचा होता. कांबळीचे कौतुक इतक्या उसळीने का झाले हे समजून घ्यायचे तर शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन तारखा पुरेशा आहेत. त्या आठवड्यात शहराकडे आनंद मानायला दुसरे फारसे काही नव्हते.

जुलै-ऑगस्टमध्ये संघ श्रीलंकेला गेला. कँडीची कसोटी पावसाने धुऊन नेली. कोलंबोतल्या दोन कसोटींत कांबळीने १२५ आणि १२० केल्या. तीन लागोपाठ डावांत तीन निरनिराळ्या देशांविरुद्ध तीन शतके. आणि मग मुंबईतल्या कट्ट्यांवर ती तुलना सुरू झाली, जी व्हायचीच होती.

मुंबईकरांच्या स्मरणात पहिल्या आठ डावांचा एक मापदंड आधीपासून होता. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजला गेलेल्या सुनील गावसकरने आपल्या पहिल्या मालिकेत चार कसोटी, आठ डाव खेळून ७७४ धावा केल्या होत्या. कांबळीच्या झाल्या ७९३. नाबाद डावांमुळे गावसकरची सरासरी १५४.८० इतकी निघाली, ती कांबळीहून वर. पण धावांची बेरीज मुंबईच्या देवापेक्षा एकोणीसने जास्त होती. दुसरी तुलना घरातलीच होती. तेंडुलकरच्या पहिल्या आठ कसोटी डावांत २३९ धावा होत्या, एकही शतक नव्हते. शाळेतल्या त्या भागीदारीत विनोदच्याच धावा जास्त होत्या, याची आठवण त्या दिवसांत लोक मोठ्या चवीने काढू लागले.

मापदंडात खोट होती ती येथे. धावा मोजल्या गेल्या, पण त्या कोणाविरुद्ध, कोठे आणि कोणत्या खेळपट्टीवर झाल्या हे तागडीत टाकलेच गेले नाही. तेंडुलकरचे २३९ हे इम्रान खान, वसिम अक्रम आणि वकार युनूस यांच्यासमोर पाकिस्तानात, व नंतर न्यूझीलंडच्या थंड वाऱ्यात काढलेले होते. कांबळीचे २२४ भारतीय खेळपट्टीवर, फिल टफनेल आणि जॉन एम्बुरी यांच्या फिरकीवर स्वार होऊन निघाले. फिरकीपुढे त्याचे पाय असे काही चालत की गोलंदाजाने टप्पा कोठे टाकावा हेच त्याला उमगू नये. दिल्लीचे २२७ ज्या झिंबाब्वेविरुद्ध झाले त्या देशाची ती इतिहासातली केवळ चौथी कसोटी होती. कोलंबोच्या खेळपट्ट्याही आशियातल्याच. याचा अर्थ त्या धावा हलक्या होत्या असा नव्हे. श्रीलंकेतली ती मालिका भारताने जिंकली आणि १९८६ नंतर परदेशात मिळालेला तो पहिला कसोटी विजय होता. अर्थ इतकाच की उसळत्या, वेगवान गोलंदाजीपुढे हा तरुण कसा उभा राहील याविषयी ७९३ हा आकडा काहीच सांगत नव्हता, आणि ऐकणाऱ्यांनी मात्र त्यातून सगळे काही ऐकले. न्यायाने बोलायचे तर गावसकरच्या ७७४ ची छाननीही कोणी अशी केली नव्हती. हॉल आणि ग्रिफिथ या भीतिदायक जोडीचे दिवस १९७१ पर्यंत संपले होते.

नेमक्या त्याच हिवाळ्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका वेगळ्याच खेळाचे चाहते असाच हिशेब मांडत होते. कॅनडातल्या विनिपेग शहरात आइस हॉकीचा व्यावसायिक संघ होता, विनिपेग जेट्स. त्यात टीमू सेलान्ने नावाचा २२ वर्षांचा फिनलंडचा खेळाडू पहिलाच मोसम खेळत होता. उत्तर अमेरिकेतल्या या लीगमध्ये नवख्याला ‘रुकी’ म्हणतात आणि तिथे हा शब्द नुसता कौतुकाचा नाही, नियमाचा आहे. वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याला काल्डर ट्रॉफी देतात. १९९० मध्ये ती ३१ वर्षांच्या सेर्गेई मकारोव्हने नेली. सोव्हिएत संघाकडून वर्षानुवर्षे खेळून आलेला हा गडी नवखा कसा, असा गिल्ला झाला आणि मग वयाची अट घालण्यात आली. रुकीने एका मोसमात केलेल्या गोलांचा विक्रम माइक बॉसीच्या नावे होता, ५३. कांबळीच्या दोन द्विशतकांच्या मधल्या दिवसांत, २ मार्च १९९३ रोजी, सेलान्नेने तो मोडला, हातमोजा हवेत भिरकावला आणि स्टिकची बंदूक करून त्यावर नेम धरला. मोसम संपला तेव्हा त्याचे गोल होते ७६.

हा ७६ चा आकडा सेलान्नेला पुन्हा कधीही गाठता आला नाही. दुसऱ्याच मोसमात पायाचा स्नायुबंध कापला गेला आणि त्या वर्षी त्याचे २५ गोल झाले. १९९६ मध्ये विनिपेगने त्याला अॅनाहाइमच्या संघाकडे धाडले. तिथे त्याने एका मोसमात ५१ आणि पुढच्यात ५२ गोल केले, २००७ मध्ये स्टॅनली कप जिंकला आणि २०१४ मध्ये ६८४ गोलांवर खेळ थांबवला. ज्यांना ७६ ही केवळ सुरुवात वाटली ते चुकले, आणि दुखापतीनंतर ज्यांनी त्याला मोडीत काढले तेही चुकले. खरा सेलान्ने पन्नास गोलांच्या आसपासचा होता, आणि तोही थोरच. हे कळायला एक गोष्ट हाताशी होती ती म्हणजे भरपूर सामने. पहिल्या मोसमातच तो ८४ सामने खेळला होता. कांबळीला पूर्ण कसोटी कारकिर्दीत २१ डाव मिळाले, आणि तेही जवळजवळ तीन वर्षांत पसरलेले.

ते उरलेले तेरा डाव आता पाहावेत. लोकस्मृतीत कांबळी कोलंबोनंतर एकदम कोसळला असे चित्र आहे आणि ते खोटे आहे. १९९४ च्या आरंभी श्रीलंकेचा संघ भारतात आला तेव्हा त्याने लखनौला ५, बंगळूरला ८२ आणि अहमदाबादला ५७ केल्या. हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्धच्या एकमेव कसोटीत ९ आणि १९. नोव्हेंबरमध्ये कोर्टनी वॉल्शच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजचा संघ आला. वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीत कांबळीने ४० धावा केल्या आणि त्या डावात त्याच्या हजार धावा पूर्ण झाल्या. चौदावा डाव. इतक्या कमी डावांत हजार धावा करणारा भारतीय आजतागायत दुसरा झालेला नाही. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात तो शून्यावर बाद झाला.

आणि मग जे भविष्य ७९३ या आकड्यात दिसत नव्हते ते समोर उभे राहिले. वॉल्श आणि केनी बेंजामिन यांनी चेंडू आखूड टप्प्यावर आपटून छातीशी आणायला सुरुवात केली. कर्टली अँब्रोस त्या दौऱ्यावर नव्हता, तरी एवढे पुरे झाले. मालिकेतल्या सहा डावांत कांबळीच्या ६४ धावा झाल्या, त्यांतल्या ४० एकाच डावातल्या. मोहालीची शेवटची कसोटी भारत हरला, मालिका १-१ अशी सुटली.

यानंतरची गोष्ट तारखांची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोहालीची कसोटी १४ डिसेंबर १९९४ रोजी संपली. भारताची पुढची कसोटी सुरू झाली १८ ऑक्टोबर १९९५ रोजी. मधले दहा महिने देशाने एकही कसोटी खेळली नाही. तो काळ एकदिवसीय सामन्यांच्या बाजारपेठेचा होता आणि कसोटी हा मधूनच पार पाडायचा कुळाचार होऊन बसला होता. फलंदाजीतला दोष फलंदाज दोन जागी सुधारतो, सरावाच्या जाळीत आणि मैदानावर, आणि खात्री होते ती मैदानावरच. कांबळीला ते मैदान दहा महिने मिळाले नाही. पुढे न्यूझीलंडविरुद्धच्या तीन कसोटींपैकी दोन पावसाने खाल्ल्या. त्याच्या वाट्याला दोन डाव आले, २७ आणि २८. कटकची ती कसोटी त्याची सतरावी होती. पदार्पणापासून भारताने खेळलेल्या सर्वच्या सर्व सतरा कसोटींत तो होता. अठराव्या कसोटीत तो नव्हता, आणि पुढे कधीही नव्हता.

एकूण हिशेब असा : २१ डाव, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. पहिल्या आठ डावांत ११३.२९, उरलेल्या तेरांत २९१ धावा आणि २२.३८. चाहत्यांनी आधी पहिला आकडा खरा मानला, मग दुसरा. दुसऱ्या वेळचा निवाडाही पहिल्याइतकाच घाईचा होता, फक्त त्याचा सूर उलटा होता. आता कानातली बाळी, गळ्यातली साखळी आणि बदलती केशरचना यांत अपयशाचे मूळ सापडू लागले. २२७ धावा झाल्या त्या दिवसांत याच थाटाचे कोण कौतुक होते! आखूड टप्प्याच्या चेंडूची अडचण खरी होती आणि ती वेस्ट इंडीजने उघडी पाडली, हे मान्यच करायला हवे. पण सहा डावांतल्या अपयशावरून माणसाचा स्वभाव वाचणे ही खेळाची चिकित्सा नव्हे, ती कुंडली मांडणे झाले.

या ठिकाणी पुन्हा गावसकरकडे यावे लागते, कारण १९७१ च्या ७७४ धावांचे पुढे काय झाले हे १९९५ मध्ये कोणी काढले नाही. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तीन कसोटींत गावसकरच्या १४४ धावा झाल्या. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पाच कसोटींत २२४. लागोपाठ आठ कसोटींत शतक नाही. पुढचे शतक आले ते थेट जून १९७४ मध्ये, मँचेस्टरच्या थंडीपावसात. कांबळीच्या शेवटच्या दहा कसोटींत शतक नव्हते, गावसकरच्या या आठांत नव्हते. फरक फार नाही. एकाला नववी कसोटी मिळाली आणि दुसऱ्याला अकरावी मिळाली नाही.

अर्थात निवड समितीच्या माथी सारा दोष मारणे सोपे आहे आणि तितकेच अपुरेही. १९७१ साली गावसकरच्या मागे दारात कोण उभे होते, आणि १९९६ साली कांबळीच्या मागे कोण उभे होते, हे सारखे नव्हते. विश्वचषकात कांबळीने कानपूरला झिंबाब्वेविरुद्ध १०६ धावा केल्या. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरच्या उपान्त्य सामन्यात भारताची अवस्था ८ बाद १२० असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, सामना श्रीलंकेला बहाल झाला, आणि नाबाद १० वर असलेला कांबळी रडत मैदानाबाहेर आला. ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले जाते. निर्णायक दिवस मात्र तो नव्हता. निर्णायक दिवस २० जून १९९६ हा होता. त्या दिवशी सुरू झालेल्या लॉर्ड्सच्या कसोटीत भारताकडून दोन नवे फलंदाज खेळले. सौरव गांगुलीने १३१ केल्या, राहुल द्रविडने ९५. पुढच्याच कसोटीत गांगुलीचे आणखी एक शतक. त्याच वर्षाअखेर व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आला. मधल्या फळीतल्या जागा पुढच्या दीड दशकासाठी भरल्या गेल्या.

उपनगरांना यानंतर स्वतःचा दुसरा नवखा मिळाला तो पश्चिम रेल्वेवर. बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांच्या घरी वाढलेला, दिनेश लाड यांच्या हाताखाली तयार झालेला रोहित शर्मा २००७ मध्ये भारताकडून खेळू लागला तेव्हा त्याच्याविषयी बोलले जाणारे शब्द कांबळीच्या वेळचेच होते. पण आकडे उलट होते. वर्षामागून वर्षे गेली, फटके देखणे आणि धावा तुटपुंज्या, आणि ‘टॅलेंट’ हा शब्द त्याच्या बाबतीत टोमण्यासारखा वापरला जाऊ लागला. २०१० मध्ये नागपूरला कसोटी पदार्पणाच्या सकाळीच सराव करताना त्याला दुखापत झाली. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला जागा मिळाली नाही. कसोटी टोपी मिळाली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, आणि तीही तेंडुलकरच्या निरोपाच्या मालिकेत. पहिल्या दोन कसोटींत १७७ आणि नाबाद १११. कट्ट्यांवर पुन्हा तोच हिशेब मांडला गेला.

नंतर काय झाले? तिसऱ्या कसोटी शतकासाठी रोहितला नोव्हेंबर २०१७ पर्यंत, म्हणजे चार वर्षे, थांबावे लागले. या चार वर्षांत तो संघात आला, गेला, पुन्हा आला. २०१९ मध्ये विशाखापट्टणमला त्याला सलामीला पाठवण्यात आले आणि एकाच कसोटीत १७६ व १२७, पुढे रांचीला २१२. मे २०२५ मध्ये त्याने कसोटीतून निवृत्ती घेतली तेव्हा खात्यावर ६७ कसोटी, १२ शतके आणि ४०.५७ ची सरासरी होती. कांजूरमार्गची सरासरी ५४.२०, बोरिवलीची ४०.५७, कांजूरमार्गच्या कसोटी १७, बोरिवलीच्या ६७. रोहितच्या काळात भारत कितीतरी जास्त क्रिकेट खेळत होता, एकदिवसीय सामन्यांतली त्याची द्विशतके त्याची पत राखत होती, आणि दोष सुधारायला जागा होती. कांबळीच्या काळात यांपैकी काही नव्हते.

कांबळीच्या खऱ्या पातळीचा अंदाज घ्यायचा तर कसोटीचे २१ डाव बाजूला ठेवून आणखी एक नोंद पाहावी लागते. ती गर्दीने पाहिलेली नाही, कारण बरीचशी रिकाम्या मैदानांवर झाली आहे. प्रथम श्रेणी क्रिकेट, २००४ पर्यंत. १२९ सामने, ३५ शतके, सर्वोच्च २६२, सरासरी ५९.६७. एकूण धावा ९,९६५. दहा हजारांना पस्तीस कमी.